डागांचा इतिहास

इतिहासाचे पुस्तक उघडावे तर त्यात लढाया, तह आणि सनावळ्या. घरातल्या फरशीवर पडलेल्या डागांचा इतिहास लिहावा असे मात्र एकाही बखरकाराला सुचले नाही. ही उणीव निदान आमच्या राहुरीपुरती भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

पहिला कालखंड शेणयुगाचा. या युगात डाग नव्हता. म्हणजे सांडत सगळेच होते. पण चार दिवसांनी आजी भुई सारवायची आणि तेलाचा ओघळ, ताकाचे शिंतोडे नव्या थराखाली गडप व्हायचे. दगड होता, नाही असे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आपला काळा दगड. पण तो जोत्याला, पायरीला, फार तर पाट्या-वरवंट्याला. त्याच्यावर डाग पडला तरी तो दाखवायचा नाही. शिवाय दगडावरच्या तेलाला डाग म्हणायचे की नाही, हे जागेवर अवलंबून. इथून जवळच शनिशिंगणापूरला काळ्या शिळेवर तेल ओततात ती भक्ती. आमच्या स्वयंपाकघरात पळीभर सांडले की ती आपत्ती!

दुसरे युग आगगाडीने आले. १८७१ साली मुंबईकडचा लोहमार्ग सोलापूर, शहाबाद करत रायचूरला भिडला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि राहुरी त्या मार्गावरचे स्टेशन बनले. शहाबादच्या खाणीतल्या फरशीला रुळांवरून आमच्याकडे यायला वाट मिळाली. हळूहळू घरोघरी शहाबादी आली आणि तिच्या मागोमाग डागही आला. कारण उघड आहे. फरशी सारवता येत नाही.

मग कोटा आली, ओट्यावर कडप्पा आला, ज्याला परवडले त्याने देवघरात संगमरवर बसवला. गावे निराळी, पण घराणे एकच : चुन्याचे. आणि या घराण्याचे आंबटाशी हाडवैर! हे आमच्या शेजारच्या काकूंना कोण सांगणार? चिंचेने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात, तर लिंबाने फरशी का नाही, असा त्यांचा बिनतोड सवाल. समईखालच्या तेलकट डागावर त्यांनी लिंबू पिळले. बारीक फेस आला.

"बघा हो, मळ कसा वर येतोय!" काकू म्हणाल्या.

वर येत होती ती फरशी. तेलाचा डाग जागच्या जागी राहिला आणि त्याच्याभोवतीचे पॉलिश तेवढे गेले. आता त्या पांढुरक्या धब्ब्यावर कायम पाट मांडलेला असतो आणि पहिल्या मानाचा पाहुणा तिथेच बसतो. मशीन लावून पुन्हा घासल्याशिवाय ती चकाकी परत येत नाही, आणि घासणाऱ्याचा भाव ऐकला की पाटच बरा वाटतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे थर हे तर याहून अवघड प्रकरण. तो क्षारही बहुतेक चुन्याचाच, म्हणजे फरशीचा सख्खा भाऊ. मोरीत ॲसिड ओतले तर ते भावाभावांत फरक करत नाही; दोघांनाही खाते. तिथे पाणी साचू न देणे आणि रोज पुसून घेणे हाच इलाज.

हळदीची तऱ्हा वेगळी. तिच्यावर साबण-सोडा घासला की ती लाल होते. हळद आणि चुना यांचे कुंकू करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. घासाघीस न करता खिडकी उघडावी. ऊन हळदीचा रंग उडवते.

राहता राहिले तेल. मुलतानी माती पाण्यात थालीपिठाच्या पिठासारखी घट्ट कालवावी, डागावर बोटभर जाड थापावी, वर प्लास्टिक घालून दिवसभर ठेवावी. मग प्लास्टिक काढून माती वाळू द्यावी. वाळता वाळता ती तेल वर ओढते. डाग जुना असेल तर दोन-तीनदा करावे. उपाय गावठी वाटला तर एवढेच सांगतो की १९९४ पासून पुरातत्त्व खात्याने ताजमहालाच्या संगमरवरालाही असाच मातीचा लेप वेळोवेळी लावला आहे. शहाजहानच्या घरी चालते ते आपल्याकडे चालायला हरकत नसावी.

सध्या टाईलयुग चालू आहे. एका डागापायी पन्नास वर्षे पाय सोसलेली शहाबादी उखडून लोक ट्रॉलीत भरतात. उखडायच्या आधी, निदान लिंबू चिरायच्या आधी, कपाटामागच्या कोपऱ्यात एक थेंब टाकून बघावा. फेस आला, तर समजावे की चुन्याचे घराणे आहे आणि लिंबू सरबतासाठी ठेवावे. डाग कोणी पाडला याची चौकशी घरात नंतर होतेच. दगड कुठला, ही चौकशी आधी करावी.