ऐन उमेदीची वर्षे कोणी खाल्ली? : उतारवयात लढणारे बॉक्सर आणि वर्णभेदाची वसुली

दरवर्षी १७ जानेवारीला मुहम्मद अलीची जयंती आली की चळवळीतल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच फोटो फिरू लागतो. १९६५ सालचा. खाली आडवा पडलेला सनी लिस्टन आणि त्याच्या अंगावर ओरडत उभा असलेला २३ वर्षांचा अली. फोटो जोरदारच आहे. पण २ ऑक्टोबर १९८० च्या रात्रीचा फोटो कोणी पाठवत नाही. त्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर ३८ वर्षांचा अली बसला आहे आणि अकराव्या फेरीसाठी तो उठणार नाही. आम्हाला या दुसऱ्या अलीबद्दल बोलायचे आहे, कारण पहिल्या अलीपेक्षा तो व्यवस्थेबद्दल जास्त सांगतो.

म्हातारा बॉक्सर रिंगणात मार खाताना दिसला की लोक ठरलेला प्रश्न विचारतात : "हा वेळीच थांबला का नाही?" उत्तरेही ठरलेली. पैशांचा हव्यास, टाळ्यांचे व्यसन, गर्व. म्हणजे जे भोगतो आहे ते त्याच्याच करणीचे फळ. मित्रांनो, हा युक्तिवाद आपण ओळखतो. माणसाच्या दुर्दशेचे कारण त्याच्याच कर्मात शोधायचे आणि ती दुर्दशा घडवणाऱ्यांना मोकळे सोडायचे, हे इथे हजारो वर्षे चालले आहे. अमेरिकेत त्याला कर्मसिद्धांत म्हणत नाहीत, एवढाच फरक. आमचा प्रश्न वेगळा आहे. हेवीवेट बॉक्सरची खरी ताकदीची वर्षे साधारण पंचविशीपासून तिशीच्या सुरुवातीपर्यंत असतात. ती वर्षे या माणसांकडून कोणी काढून घेतली?

सुरुवात १८९२ पासून करावी लागेल. गोरा चॅम्पियन जॉन एल. सुलिव्हनने जगातल्या सर्वांना आव्हान दिले, पण काळ्यांशी लढणार नाही असे त्यातच जाहीर केले. याला तिकडे 'कलर लाइन' म्हणत. कायद्याच्या पुस्तकात ती नव्हती, तरी पाळली मात्र कायद्यापेक्षा कडक गेली. आपल्याकडच्या पाणवठ्यावरही पाटी नव्हती.

गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा जॅक जॉन्सन या रेषेवर वर्षानुवर्षे धडका देत राहिला. चॅम्पियन टॉमी बर्न्सच्या मागे तो देशोदेशी फिरला. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली तेव्हा जॉन्सन तीस वर्षांचा होता. बर्न्सला ३० हजार डॉलर आणि जॉन्सनला ५ हजार, असा सौदा होता. जॉन्सनने त्याला लोळवले.

पुढे जे झाले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जॉन्सनला हरवायला गोरा सापडेना, तेव्हा गोऱ्या अमेरिकेने निवृत्त चॅम्पियन जेम्स जेफ्रीजला शेतावरून ओढून आणले. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, अंगाने सुटलेला हा माणूस होता. लेखक जॅक लंडनने वर्तमानपत्रातून त्याला गोऱ्या वंशाच्या नावाने साद घातली. जेफ्रीजने सुमारे शंभर पौंड वजन उतरवले आणि ४ जुलै १९१० रोजी रेनो शहरात पंधराव्या फेरीपर्यंत मार खाल्ला. निकाल कळताच अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले, माणसे मारली. दोन वर्षांनी अमेरिकन काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदीच घातली. उतारवयात रिंगणात परत आलेला हा मोठा हेवीवेट असा होता. त्याला पैसाही मिळाला, पण त्याला परत आणले ते वर्णश्रेष्ठत्वाच्या अहंकाराने. वर्चस्वाची व्यवस्था गरज पडली की आपल्याच माणसालाही बळी देते.

जॉन्सनवर मग गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या संबंधांवरून खटला भरला गेला. १९१३ मध्ये शिक्षा झाली आणि तो देश सोडून गेला. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ५ एप्रिल १९१५ रोजी हवानाच्या उन्हात २६ व्या फेरीत ३७ वर्षांचा जॉन्सन जेस विलर्डकडून हरला, तेव्हा बाबासाहेब त्याच अमेरिकेत एम.ए.चा अभ्यास करत होते. जॉन्सन पुढे परत येऊन तुरुंगात गेला, सुटला आणि लढत राहिला, थेट साठीपर्यंत. १९४६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका खाणावळीने काळा म्हणून वाढायला नकार दिला. तो संतापून गाडी घेऊन निघाला आणि अपघातात मेला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्ही लढ्यांची नाळ अशी जुनी आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते हवेतून नव्हे.

जॉन्सनला निदान संधी मिळाली. सॅम लँगफर्डला तीही नाही. विलर्डपासून १९३७ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे, एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढू दिले गेले नाही. मग काळे बॉक्सर काय करणार? एकमेकांशीच लढणार. लँगफर्ड आणि हॅरी विल्स पंधराहून जास्त वेळा एकमेकांसमोर आले. तीच दोन माणसे, तेच ठोसे आणि तुटपुंजे पैसे. एका किताबाच्या लढतीत जे मिळाले असते ते मिळवायला शंभर लढती कराव्या लागत. लँगफर्डची दृष्टी जात होती, तरी तो लढत राहिला, समोरच्याला अंदाजाने शोधत. १९२६ मध्ये तो थांबला. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममधल्या एका खोलीत सापडला, पूर्ण आंधळा आणि कफल्लक. याने हव्यास कशाचा केला होता, हे आम्हाला कोणी सांगावे.

आपल्या वाचकांना इथे बाळू पळवणकर आठवतील. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चांभार समाजातल्या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. बाळूंची वर्षे तोवर सरली होती.

आता जो लुई. त्याच्यावर थोडे थांबून बोलू, कारण 'पैसे उडवले म्हणून लढावे लागले' हे त्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते.

१३ मे १९१४ रोजी अलाबामातल्या वाटेकरी शेतमजुरांच्या घरी जन्म. आजोबांची पिढी गुलामीतली. कुटुंब डेट्रॉइटला गेले, पोरगा फोर्डच्या कारखान्यात राबला. बॉक्सिंगमध्ये आल्यावर मॅनेजरने त्याला नियम घालून दिले : गोऱ्या बाईसोबत फोटो काढायचा नाही, हरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही. जॉन्सनची सावली त्याच्यावर पडू नये म्हणून. या अटींवर २२ जून १९३७ रोजी तो चॅम्पियन झाला. बरोबर एक वर्षाने त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत झोपवले आणि अख्ख्या अमेरिकेने त्याला लोकशाहीचा वीर म्हणून डोक्यावर घेतले. त्या रात्री पुरते काळा माणूस अमेरिकन झाला.

१९४२ च्या जानेवारीत त्याने किताब पणाला लावून एक लढत केली आणि आपले मानधन नौदलाच्या मदतनिधीला दिले. हे तेच नौदल, जिथे काळ्यांना तोवर फक्त स्वयंपाकघरात आणि पंगतीत वाढायला घेत. मार्चमध्ये दुसरी लढत, ते मानधन भूदलाच्या निधीला. त्याआधी जानेवारीतच तो स्वतः साधा शिपाई म्हणून भरती झाला होता, काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या तुकडीत. मार्च १९४२ ते जून १९४६ किताबाची एकही लढत नाही. वय २७ ते ३२. म्हणजे नेमकी तीच वर्षे! या काळात त्याने लाखो सैनिकांसमोर प्रदर्शनी लढती केल्या, पगार शिपायाचा.

आणि करखात्याने काय केले? दान दिलेले मानधनही त्याचे उत्पन्न धरले. लुईने पैसे उडवले, मित्रांना वाटले, गोल्फवर हरला, हे सगळे खरे आहे. त्याचे हिशेब ठेवणाऱ्यांनी गोंधळ घातला हेही खरे. पण आम्ही त्याच्या उधळपट्टीत ही गोष्टही धरतो की मंदीच्या काळात त्याच्या कुटुंबाला मिळालेली सरकारी मदत त्याने डेट्रॉइट शहराला परत केली होती. इतका तो 'चांगला नागरिक' होता. १९५० पर्यंत कराची थकबाकी पाच लाख डॉलरच्या वर गेली. व्याज चढत होते आणि नव्या कमाईवरचा वरचा कर ९० टक्क्यांच्या घरात. आपल्या सावकारीचा अनुभव असलेल्यांना हे गणित वेगळे शिकवायला नको. मूळ रक्कम कधी फिटूच नये अशी त्याची रचना असते.

१९४९ मध्ये निवृत्त झालेला लुई सप्टेंबर १९५० मध्ये, ३६ व्या वर्षी, एझर्ड चार्ल्सपुढे उभा राहिला आणि हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांमधून बाहेर पाडले. जिंकणारा मार्सियानो नंतर रडला असे सांगतात. करखाते रडले नाही. १९५६ मध्ये लुई नकली कुस्तीच्या आखाड्यात उतरला. शेवटी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारघरात पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्याची नोकरी.

अलीचे उदाहरण उलट्या टोकाचे. लुईने सरकारचे सगळे ऐकले, अलीने ऐकायला नकार दिला. २८ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला त्याने नकार दिला. किताब गेला, परवाने गेले, पासपोर्ट गेला. पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. तोवर तो २९ लढतींत अजिंक्य होता, वय २५. परतला ऑक्टोबर १९७० मध्ये, वय २८. जून १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण साडेतीन वर्षे कोण रद्द करणार आणि कोण परत देणार?

ही वर्षे पायांची होती. आधीचा अली हातच लागू देत नसे. परत आलेल्या अलीचे पाय मंदावले होते, म्हणून तो मार सोसून जिंकायला शिकला. १९७४ ला किन्शासात दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले ते आपण पराक्रम म्हणून सांगतो, आणि पराक्रम तो होताच. पण मेंदू त्याची नोंद ठेवत होता. १९७५ ला मनिलात फ्रेझरशी १४ फेऱ्या झाल्या. १९७७ च्या शेव्हर्स लढतीनंतर त्याच्या डॉक्टरने मूत्रपिंडांच्या तपासणीचा अहवाल जवळच्यांना पाठवला, उत्तर आले नाही, आणि डॉक्टरने साथ सोडली.

१९८० मध्ये नेवाडा राज्याच्या परवान्यासाठी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट नाकाला अचूक टेकवणे, एका पायावर उडी मारणे यांत किंचित उणीव आढळल्याची नोंद तिथेच झाली. परवाना तरीही मिळाला. वजन उतरवण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. आणि लढत कुठे? लुई जिथे हस्तांदोलने करायचा, त्याच सीझर्स पॅलेसमध्ये. लॅरी होम्स हा अलीचाच जुना सराव-जोडीदार. तो मारताना पंचाकडे बघत राहिला, पंच काही थांबवेना. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडीने थांबवले. ठरलेल्या ८० लाखांतून दहा लाखांवर डॉलर आयोजक डॉन किंगने कमी दिले. अलीने दावा लावला आणि पुढे ५० हजार रोख घेऊन सोडून दिला.

११ एप्रिल १९८१ रोजी, आपल्याकडे फुले जयंती होती त्या दिवशी, त्याच ठिकाणी होम्सची ट्रेव्हर बर्बिकशी लढत झाली. चाकाच्या खुर्चीत बसून जो लुई ती पाहायला आला होता. दुसऱ्या दिवशी तो वारला. आणि त्याच बर्बिकने ११ डिसेंबर १९८१ रोजी बहामाजमध्ये अलीला त्याच्या शेवटच्या लढतीत हरवले. तिथे घंटाही नव्हती, गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून फेऱ्या सुरू केल्या. तीन वर्षांत अलीला पार्किन्सनचे निदान झाले.

कोणी म्हणेल, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक होते. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने १९२८ मध्येच बॉक्सरांच्या मेंदूच्या या आजारावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी चॅम्पियन झालाच ना? झाला, नोव्हेंबर १९९४ मध्ये. पण मधली दहा वर्षे तो रिंगणाबाहेर होता, ह्यूस्टनमध्ये चर्च चालवत होता, आणि परतला तो मुलांच्या केंद्रासाठी पैसे हवेत म्हणून. डोक्याला दहा वर्षे ठोसा नाही, आणि हातात दुसरे काम. हे किती जणांच्या वाट्याला येते? होम्सचे उदाहरण मात्र आमच्या मांडणीत सहज बसत नाही हे मान्य केले पाहिजे. त्याने पैसे सांभाळले, आपल्या गावात मालमत्ता केली, तरी ३८ व्या वर्षी टायसनकडून मार खाऊन पुन्हा परत आला आणि २००२ पर्यंत, वयाच्या ५२ व्या वर्षापर्यंत लढला. माणसाला रिंगणाची ओढ असते. अलीलाही होती. पण ओढ असलेल्या माणसाला बेसबॉलमध्ये १९४७ पासून निवृत्तिवेतन आहे, खेळाडूंची संघटना आहे. बॉक्सिंगमध्ये कॅलिफोर्नियासारख्या एखाद्या राज्याची योजना सोडली तर देशभराचे निवृत्तिवेतन नाही आणि ताकदीची संघटनाही नाही. २००० साली अलीच्या नावाने कायदा झाला. त्याने करारांतल्या लबाडीला थोडा आळा घातला. म्हातारपणाची सोय त्यात नाही.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन जेक पॉल या २७ वर्षांच्या यूट्यूबवाल्याशी लढला. नेटफ्लिक्सने ती लढत जगभर दाखवली. फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या ठेवल्या, हातमोजे नेहमीपेक्षा जाड दिले. म्हणजे धोका किती आहे हे परवाना देणाऱ्यांना नीट कळत होते. तरीही अधिकृत व्यावसायिक लढत म्हणून तिची नोंद झाली, आणि स्टेडियम भरले.