गंजिफातील मत्स्य-कूर्म : नियम बदलले, प्राणी टिकले

गेल्या उन्हाळी सुट्टीतील गोष्ट. कोल्हापुरातील आमच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या महाविद्यालयीन मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलाच्या हातात दोन जाड पुस्तके आणि एक वही होती. "फादर, आता तुम्हीच ह्याला समजवा. दिवसभर राक्षसांची चित्रं आणि त्यांचे हिशेब!" असे म्हणून त्यांनी ती पुस्तके आमच्या टेबलावर ठेवली. उघडलेल्या पानावर वाघाच्या तोंडाचा एक राक्षस होता व त्याच्याभोवती आकड्यांची दाटी होती. आम्ही पुस्तके ठेवून घेतली आणि मुलाला रिकाम्या हाताने घरी पाठविले. ती आमची घाई झाली, हे आरंभीच कबूल करतो.

रात्री आम्ही ती वही चाळली आणि दुसऱ्या दिवशी मुलाला परत बोलावून घेतले. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. खेळणारे टेबलाभोवती बसून एकेका पात्राचे सोंग घेतात, एकजण कथा पुढे नेतो आणि जय-पराजय फाशांवर ठरतो. १९७७ साली निघालेल्या त्याच्या प्राणिकोशात आपल्या पुराणांतील राक्षसालाही जागा मिळाली. पुढे नियम अनेकदा नव्याने लिहिले गेले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला प्राणी नव्या डावात जसाच्या तसा चालत नाही. त्याचे आकडे बदलावे लागतात. उदाहरणार्थ, जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितके ते भक्कम मानीत. २००० सालच्या आवृत्तीने हा क्रम उलटा केला. म्हणून जुना आकडा विसातून वजा करायचा : दोनाचे अठरा होतात.

पण वहीत आकड्यांच्या शेजारी 'स्वभाव' असा आणखी एक रकाना होता. १९७७ च्या नियमांप्रमाणे आशीर्वादित बाणाने राक्षस मरतो. २०१४ च्या नियमांत बाणाच्या आशीर्वादाचा उल्लेख नाही. सज्जनाच्या हातातील मंत्रसिद्ध टोकदार शस्त्र त्याला दुप्पट जखम करते. मुलाने आम्हालाच विचारले, "फादर, मग खरी ताकद आशीर्वादाची की हाताची?" धर्मशिक्षणाच्या वर्गात असा प्रश्न आम्हाला क्वचितच कोणी विचारला असेल.

किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आणि गंडभेरुंड पाहत वाढलेल्या आपल्या मुलखाला अद्भुत प्राणी परके नाहीत. त्यांना एका खेळाच्या नियमांतून दुसऱ्या खेळाच्या नियमांत नेण्याची विद्याही परकी नाही. आजरा ओलांडून आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी लागते. तेथील गोल, रंगीत गंजिफा ह्या विद्येची साक्ष देतात.

अकबराचा पत्त्यांचा दरबार

गंजिफा हा शब्द आणि खेळ दोन्ही इराणकडून आले. १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हसन ह्याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या एका जुन्या खेळाचे वर्णन केले. प्रत्येक रंगात राजा, वजीर व एक्का ते दश्शी अशी बारा पाने. एकूण एकशे चव्वेचाळीस. अश्वपती, गजपती, नरपती अशा राजांच्या मागोमाग सुरपती, असुरपती, वनपती आणि अहिपती येतात. अहिपती म्हणजे सर्पांचा राजा. तो महासर्पावर आरूढ झालेला आहे आणि त्याचा वजीरही एका सर्पावर बसलेला सर्पच आहे. सुरपतीच्या सिंहासनावर इंद्र आहे. असुरपतीच्या सिंहासनावर कोण असावे? दाविदाचा पुत्र शलमोन! पवित्र शास्त्रातील शलमोन ज्ञानासाठी प्रसिद्ध आहे. तेथे तो भुतांचा राजा नाही. परंतु यहुदी दंतकथांत आणि कुराणात भुते व जिन त्याच्या आज्ञेत वागतात. त्या वाटेने आपल्या शास्त्रातील राजा भारतीय असुरांचा अधिपती होऊन मोगल दरबारातील पत्त्यांवर बसला.

ह्या खेळात अकबराने फेरबदल केले. अबुल फझलने सांगितलेल्या नव्या रंगांत धन, बरात, किमाश म्हणजे माल, चंग हे वाद्य, चांदी, तलवार, मुकुट आणि गुलाम ही मंडळी आहेत. धनाच्या दहा पानांवर तर खजिन्यातील दहा प्रकारचे कारागीर काढलेले. नाग आणि असुर गेले. त्यांच्या जागी कारखाने आणि कचेऱ्या आल्या. शहाण्ण्व पानांची मुघल गंजिफा ह्याच आठ रंगांची. रंग बदलले तरी एक जुना नियम मात्र टिकला. निम्मे रंग बलवान, निम्मे दुर्बल. बलवान रंगांत राजा व वजिराच्या खाली दश्शी मोठी, तर दुर्बल रंगांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. आमच्या मुलाच्या चिलखताचा उलटा हिशेब चारशे वर्षांपूर्वीही लोक मुखोद्गत ठेवीत होते.

सावंतवाडीची घडण

दरबारातून बाहेर पडलेली गंजिफा दख्खन, ओडिशा आणि बंगालमधील बिष्णुपूर येथे रुजली. तेथे तिने दशावतारांचे रूप घेतले. आठांचे दहा रंग झाले, शहाण्ण्व पानांची एकशे वीस पाने झाली. अकबराने दरबारातून घालविलेले अद्भुत प्राणी परत आले, आणि ह्या वेळी ते राजे होऊन आले. मत्स्य, कूर्म, वराह आणि नरसिंह ह्यांना प्रत्येकी एक प्रधान व दहा पाने मिळाली. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे. वराहाची खूण मात्र शंख आणि नरसिंहाची चक्र. तळहातात मावणाऱ्या वाटोळ्या पानावर दहा नरसिंह कसे काढणार, आणि काढले तरी ते एका दृष्टिक्षेपात मोजणार कोण? चिताऱ्यांनी ही अडचण ओळखली असावी, असे आम्हाला वाटते. राजाच्या पानावर देह राखला आणि बाकीच्या पानांवर खूण ठेवली.

राजा, प्रधान व दहा पाने ही मांडणी तीच राहिली. निम्म्या रंगांचा क्रम उलटा हा नियमही राहिला. चार-चारांऐवजी पाच-पाच झाले एवढेच. गंजिफात हुकूम नसतो, म्हणून स्मरणशक्तीचीच परीक्षा. नव्या खेळाने एक नवा नियमही आणला. दिवसा ज्याच्या हाती रामाचे पान तो डाव सुरू करी, रात्री ज्याच्या हाती कृष्णाचे पान तो. ह्या नियमात अवताराचा स्वभावच उतरलेला आहे : राम सूर्यवंशातील, कृष्ण चंद्रवंशातील आणि मध्यरात्री जन्मलेला. नुसती चित्रे बदलली असती तर असा नियम सुचला नसता.

म्हैसूरला तिसरे कृष्णराज वडियार (१७९४ ते १८६८) ह्यांनी ह्यापुढेही मजल मारली. त्यांच्या 'छद' खेळांत छत्तीसपासून तीनशे साठपर्यंत पाने होती. खेळणारे आटोपले, ग्रंथ मागे उरला. देवतांची गर्दी झाली म्हणून खेळ मोठा होत नाही.

सावंतवाडीतही छापील बावन्न पानांच्या स्वस्त कॅटपुढे हाताने रंगविलेली गंजिफा मागे पडली. चितारी घराण्यांतील जाणते हात मोजकेच उरले होते. अशा वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी ह्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच कारागीर बसविले आणि ही कला वाचविली. मुंबईचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन ह्यांनी देशभरच्या गंजिफा जमवून त्यांच्यावर लिहिले. मात्र वाचली ती बहुतांशी चित्रकला. आज पेटी विकत घेणाऱ्यांपैकी डाव मांडणारे फार थोडे. घरात शोभेला ठेवलेला नरसिंह कोणाला जिंकीत नाही आणि कोणाकडून हरतही नाही.

नावे आणि स्वभाव

अमेरिकेत १९८० च्या दशकात काही ख्रिस्ती मंडळींनी मुलाच्या त्या खेळाविरुद्ध मोहीम उघडली. तो सैतानी आहे, असे त्यांचे म्हणणे. १९८९ च्या आवृत्तीतून 'डीमन' व 'डेव्हिल' हे शब्द काढून टाकण्यात आले. पुढे तेच प्राणी 'तनारी' व 'बातेझू' ह्या बनावट नावांनी परतले आणि २००० साली जुनी नावेही परत आली. नाव पुसल्याने काहीच साधले नाही.

आपल्या परंपरेत दुसरीही एक वाट आहे. संत बर्नार्डिन ह्यांनी १४२३ साली बोलोन्या येथे जुगाराविरुद्ध प्रवचने केली आणि लोकांनी पत्ते जाळले. तेव्हा पोट बुडालेला एक पत्ते रंगविणारा रडत त्यांच्याकडे आला. संतांनी त्याला येशूच्या पवित्र नामाची अक्षरे काढून दाखविली व हीच रंगवीत जा असे सांगितले, अशी कथा आहे. संतांनी जुगार मोडला, परंतु कारागिराचा हात मोडला नाही. त्याच्या हाताला नवे काम दिले.

आम्ही मात्र त्या दिवशी नुसती पुस्तके ठेवून घेतली होती. ती आता परत केली आहेत. मुलाच्या मातेलाही आम्ही सांगितले की, आकड्यांबरोबर स्वभावाचा रकाना आखणारा मुलगा विचार करीत आहे. त्याची चिंता नको, त्याच्याशी बोलत राहा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले : आशीर्वाद हाताला मिळतो, तो बाणाला चिकटवून ठेवता येत नाही. ते त्याला पुरते पटले नाही; वाद चालू आहे.

वाचकांना एक विनंती. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागातून कोल्हापुरात येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आपल्यात आहेत. कोणाच्या घरी गंजिफा खेळलेली वडीलधारी व्यक्ती असेल, तर तिच्याजवळ बसून त्या घरचे नियम लिहून घ्या. पान कसे उतरायचे, हात कसा मोजायचा, शेवटचे पान कोणाचे, हे सारे विचारा. चित्रे काढणारे हात सुदैवाने अजून आहेत. नियम सांगणारी तोंडे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.