वासोख्त

प्रेम विटल्यावर प्रियकराने प्रेयसीला जाब विचारण्याचा फार्सी-उर्दू काव्यप्रकार. गझलेतला आशिक जुलूम सोसतो आणि तिच्याच दारी पडून राहतो. वासोख्तमधला मात्र पाठ फिरवतो. सोळाव्या शतकातील इराणी कवी वहशी बाफकी (मृत्यू 1583) याच्या रचनांनी हा सूर रूढ केला. उर्दूत मीर तकी मीर (1723–1810) यानेही तो हाताळला. पुढे लखनौत, ‘इंदरसभा’ लिहिणाऱ्या अमानतची दीर्घ वासोख्त फार गाजली.

उर्दूत रचना बहुधा मुसद्दस, म्हणजे सहा ओळींच्या कडव्यांची. पहिल्या चार ओळींचे यमक एक, शेवटच्या दोनांचे वेगळे. त्यामुळे चार ओळींत तक्रार चढत जाते आणि पुढच्या दोन घाव घालतात. युक्तिवाद ठरलेला असतो : तुला ओळखत होते कोण, माझ्या प्रेमानेच तुझ्या रूपाचा बोलबाला झाला, आता मी दुसरी शोधतो. त्या दुसरीचे नखशिखांत वर्णन हीच खरी धमकी. ते कवी इतके रंगवतो की राग अजून विझलेला नाही, हे लगेच कळते. या प्रकाराचे खरे बळ या विसंगतीतच आहे. लखनवी रचनांत पुष्कळदा शेवटी समेटही होतो.

विसाव्या शतकात उर्दू कवी फैजने याच नावाची कविता लिहिली. ‘गुमराह’ (1963) चित्रपटासाठी रवीने चाल दिलेली, महेंद्र कपूरने गायलेली कवी साहिरची नज्म ताटातुटीची असली तरी वासोख्त नव्हे. तिथे जाब नाही, पुन्हा अनोळखी होण्याचा सभ्य प्रस्ताव आहे.