जिवंत खडक आणि प्रवाळाची टाकी

समुद्री जीव काचेच्या टाकीत दीर्घकाळ जगवण्याचे पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये सुरू झाले. ॲना थाइन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनला नेले आणि पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून, म्हणजे त्यात हवा मिसळून, ते जगवले. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती, मासे आणि गोगलगाई परस्परांना तगवतात हे गोड्या पाण्यात दाखवले, आणि फिलिप गॉस यांच्या १८५४ च्या ग्रंथामुळे खाऱ्या पाण्याच्या टाकीचे वेड घरोघरी पसरले. या छंदाने इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील खडकांत साचणारी डबकी मात्र ओरबाडली गेली, आणि त्याबद्दलची हळहळ गॉस यांच्याच मुलाने, एडमंड यांनी, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदवली.

प्रवाळाच्या टाकीला खरी दिशा दिली ती जकार्तातील ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील ‘नैसर्गिक’ पद्धतीचे साहित्य अगदी साधे होते: समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे मंद बुडबुडे आणि जिवंत खडक, म्हणजे मृत प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा, ज्यावर व ज्याच्या आत जीवाणू, शैवाल, स्पंज आणि कृमी नांदत असतात. माशांच्या मलमूत्रातून येणारा विषारी अमोनिया खडकाच्या पृष्ठभागावरील जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये बदलतात, तर जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा आतल्या भागांत दुसरे जीवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात. त्यामुळे गाळणयंत्राचे पुष्कळसे काम खडकच उचलतो. रसायनशास्त्राने नंतर सविस्तर उलगडलेली गोष्ट एंग यांनी निरीक्षणातून साधली होती, हे विशेष. टाकी भरण्याचा क्रमही यातूनच ठरतो: आधी खडक व वाळू, मग काही आठवड्यांनी, अमोनिया नाहीसा झाल्यावर, गोगलगाई, त्यानंतर प्रवाळ आणि शेवटी मोजकेच मासे. लांबच्या प्रवासात खडकावरील बरेच जीव मरून कुजतात, म्हणून परदेशी छंदिष्टांना असा खडक आधी वेगळ्या पाण्यात मुरवावा लागे.

यंत्रे वाढली तरी हा विचार मागे पडला नाही. बर्लिनमधील छंदिष्टांनी जिवंत खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली, तर मोनॅकोत झां झोबेर यांनी वाळूच्या जाड थरावर भर दिला. तथापि ‘नैसर्गिक’ या विशेषणाचा अर्थ निसर्गातून उचललेले असा घेण्याचे कारण नाही. भारतात सर्व दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने मालवणच्या समुद्रातून प्रवाळ काढून टाकी सजवणे हा गुन्हा आहे.