१८५१ च्या प्रदर्शनाची शिल्लक आणि विज्ञान-संशोधनाच्या शिष्यवृत्त्या

विज्ञान-संशोधनास लागणारे द्रव्य राजकोशातून यावे की दात्यांच्या औदार्यातून, हा प्रश्न बहुधा तात्त्विक स्वरूपात मांडला जातो. परंतु इतिहासात हे दोन प्रवाह अनेकदा एकत्र आलेले दिसतात. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या शिलकेतून निर्माण झालेल्या शिष्यवृत्त्या हे त्याचे एक बोधप्रद उदाहरण होय.

हाइड पार्कमधील ह्या प्रदर्शनाची व्यवस्था राजाज्ञेने नेमलेल्या मंडळाकडे होती. तथापि त्याचा आर्थिक भार खाजगी वर्गणीदार व हमीदार यांनी उचलला होता. सुमारे ६० लक्ष प्रेक्षकांच्या प्रवेशशुल्कामुळे खर्च वजा जाता १,८६,००० पौंड उरले. मंडळाचे अध्यक्ष प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकाराने हे द्रव्य वाटून न टाकता त्यातून साउथ केन्सिंग्टन येथे विस्तीर्ण भूमी घेण्यात आली. ह्या खरेदीत ब्रिटिश सरकारही भागीदार होते. ती भागीदारी १८५८ मध्ये संपुष्टात आली व भूमी मंडळाकडे राहिली. पुढे ह्याच परिसरात वस्तुसंग्रहालये व इंपीरियल कॉलेज उभे राहिले.

कर्जाचा भार हलका होण्यास बराच काळ गेला. रसायनशास्त्रज्ञ व संसदपटू लायन प्लेफेअर यांनी मंडळाची आर्थिक घडी नीट बसविल्यावर वार्षिक उत्पन्नाचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न उपस्थित झाला. त्याचे उत्तर म्हणजे १८९१ ची संशोधन-शिष्यवृत्ती योजना. तीत केवळ परीक्षेतील गुणांना महत्त्व नव्हते. स्वतंत्र संशोधन करण्याची पात्रता उमेदवाराने दाखविलेली असावी, अशी अट होती. प्रांतिक ब्रिटिश विद्यापीठांप्रमाणेच वसाहतींतील विद्यापीठांनाही उमेदवार सुचविण्याचा अधिकार देण्यात आला. मात्र प्रारंभीच्या यादीत भारतीय विद्यापीठांना स्थान नव्हते. साम्राज्याच्या उदारतेची मर्यादा येथे स्पष्ट होते.

योजनेचे फळ लवकरच दिसून आले. न्यूझीलंडमध्ये पहिली निवड जेम्स मॅक्लॉरिन ह्या रसायनज्ञाची झाली होती. त्यांनी माघार घेतल्याने ती शिष्यवृत्ती अर्नेस्ट रदरफर्ड यांस मिळाली. वर्षाकाठी १५० पौंडांच्या आधारावर ते १८९५ मध्ये केंब्रिजला जे. जे. टॉमसन यांच्याकडे आले. इतर विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून घेण्याचा नियम केंब्रिजने त्याच वर्षी अमलात आणला होता. द्रव्य आणि प्रवेश ही दोन्ही द्वारे एकाच वेळी उघडली नसती, तर केवळ शिष्यवृत्तीचा उपयोग मर्यादितच राहिला असता.

अटींचे दुसरे अंगही ध्यानात घेण्याजोगे आहे. शिष्याने आपल्या मूळ संस्थेबाहेर जाऊन काम करावे, ह्या नियमामुळे रदरफर्ड यांचे शिष्य जेम्स चॅडविक १९१३ मध्ये गायगर यांच्याकडे बर्लिनला गेले. महायुद्ध सुरू होताच ते रूलेबेन येथील छावणीत स्थानबद्ध झाले. विद्येच्या देवाणघेवाणीस राष्ट्रांमधील शांततेची गरज असते, हे सत्य ह्या तरुणाने चार वर्षांच्या बंदिवासाने अनुभवले. १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध त्यांनीच लावला.

भारताशी ह्या योजनेचा महत्त्वाचा संबंध होमी भाभा यांच्या द्वारा आला. केंब्रिजमध्ये असताना त्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली. १९३९ मध्ये सुटीसाठी ते भारतात आले असता युद्धामुळे परत जाता आले नाही, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवरील कार्य चालविले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याचा प्रस्ताव पाठविला. ट्रस्टने तो स्वीकारला, मुंबई सरकारने साहाय्य दिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. वर्षअखेरीस तिचे कार्य मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ ह्या वास्तूत सुरू झाले. पुढे केंद्र सरकारही तिच्या पोषणात सहभागी झाले.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. दात्याचे द्रव्य प्रमाणाने अल्प असले, तरी ज्याचे फळ निश्चित नाही अशा कार्यात ते आधी उतरू शकते. शासनाचे द्रव्य उशिरा येते, पण कार्य दीर्घकाळ चालवू शकते. परंतु द्रव्य कोणी दिले याइतकाच, उमेदवार सुचविण्याचा अधिकार कोणास दिला हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १८९१ च्या योजनेने वसाहतीतील एका तरुणास केंब्रिजचे द्वार उघडून दिले. त्याच योजनेच्या यादीत भारतीय विद्यापीठांचे नाव नव्हते. कोणत्याही शिष्यवृत्तीचे मूल्यमापन करताना ह्या दोन्ही गोष्टींची नोंद एकत्र ठेवणे इष्ट होय.