ठेकेदाराचा विक्रीकर आणि गवंड्याची मजुरी

२९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो आपल्या स्वारगेटपर्यंत धावू लागली. एवढे काम एका हाताने होत नसते. मुख्य ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम आणि सर्वांत शेवटी गवंडी, बिगारी व लोखंड बांधणारा, अशी मोठ्या बांधकामाची उतरंड असते. या उतरंडीत विक्रीकर कोणी व कशावर भरावा, याचा वाद आपल्या देशात अर्धे शतक चालला. तो वकिलांचा म्हणून आम्ही कामगारांनी दूर सारू नये. कारण त्या वादात आमच्या मजुरीची किंमत मोजली गेली.

मुंबई प्रांतात विक्रीकर १९४६ साली आला. दुकानदार सिमेंटचे पोते विकतो, हे उघड आहे. परंतु पूल बांधून देणारा ठेकेदार सिमेंट विकतो काय? मद्रास सरकार म्हणाले, विकतो. गॅनन डंकर्ले कंपनी म्हणाली, नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. बांधकामाचा करार एकसंध असतो. त्यात इमारत उभी करून देण्याचे वचन असते, विटांचा सौदा नसतो, असा तो निवाडा.

राज्यांच्या तिजोरीला हे परवडेना. १९८२ च्या शेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एकसंध कराराचे दोन भाग पाडले : माल आणि श्रम. मालावर राज्याने कर घ्यावा. १९८९ साली न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली व महाराष्ट्रातही कायद्याने हा कर लागू झाला. मग १९९२ साली न्यायालयाने सांगितले की, करारातील एकूण रकमेतून मजुरी, मजुरीपोटी पोटठेकेदाराला दिलेले पैसे, यंत्रांचे भाडे इत्यादी खर्च वजा करूनच कर आकारावा. पुढे २००८ साली असेही ठरले की, पोटठेकेदाराने बसविलेला माल थेट मालकाच्या मालकीचा होतो. म्हणजे विक्री एकच, तेव्हा मुख्य ठेकेदाराकडून त्याच मालावर पुन्हा कर घेता येणार नाही.

आता यातील मर्म पाहा. कराच्या वहीत मजुरीचा आकडा जितका मोठा, तितका कर लहान. पगाराच्या तक्त्यावर अंगठा घेताना मात्र तोच आकडा लहान राहण्यात ठेकेदाराचा लाभ! एका घामाच्या दोन किमती होऊ शकत होत्या. दोन्ही वह्या एका मेजावर ठेवून पाहण्याचे काम मात्र कोणा एका खात्याचे नव्हते. कर पाहणारे वेगळे, मजुरी पाहणारे वेगळे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. इमारतीचा ठेका आता कायद्याने ‘सेवा’ ठरतो व कर सबंध रकमेवर बसतो. माल आणि श्रम पुन्हा एक झाले. हिशेब सोपा झाला खरा. पण श्रमाचा वेगळा आकडा त्यातून पुसला गेला.

मजुराच्या नावाने उरला तो १९९६ च्या कायद्याने आणलेला उपकर, बांधकाम खर्चाच्या शंभर रुपयांमागे एक रुपया. त्यातून लाभ मिळण्यासाठी आधी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. तो पोटठेकेदाराकडून घ्यावा म्हटले, तर बिगाऱ्याचे नाव बहुधा त्याच्या कोणत्याच कागदावर नसते.

म्हणून नागरिकहो, आपल्या घराचे काम देताना ठेकेदाराकडून कराची पावती घ्याच. पण सोबत हजेरीची वहीही मागा. मालाचा माग काढण्यासाठी या देशाने घटना बदलली. माणसाचा माग ठेवण्यास एक वही पुरे आहे.