विमानकर्ता आणि विमानारूढ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस असें विचारलें कीं, घरच्या घरीं विमान बांधण्यांत अधिक समाधान आहे, कीं तयार विमान उडविण्यांत? प्रश्न वरवर पाहतां इतिहाससंशोधकाचा नव्हे. समाधान ही अंतःकरणांतील वस्तु; तिचा शोध दप्तरांत कोण घेणार? परंतु विचार करितां आम्हांस असें दिसून आलें कीं, या विषयांतील जवळजवळ सर्व विश्वसनीय पुरावा घडविणाऱ्याच्या हातून निर्माण झालेला आहे, उडणाऱ्याच्या नव्हे. आणि हा भेद वेळीं न ओळखल्यामुळें आमच्याच हातून एक चूक वर्षानुवर्षें घडत आली. ती कबूल करणें हाहि प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या वाङ्मयांत हा प्रश्न जुना आहे. पंचतंत्राच्या मित्रभेदांत कौलिक आणि रथकार या दोन मित्रांची कथा येते. राजकन्येच्या दर्शनानें व्याकुळ झालेल्या कौलिकासाठीं रथकार खिळीनें चालणारा लाकडी गरुड तयार करितो, आणि त्यावर आरूढ होऊन कौलिक विष्णु म्हणून राजवाड्यांत उतरतो. येथपासून कथेचा ओघ कौलिकाबरोबर जातो. गरुड कोणत्या लाकडाचा होता, त्यास किती दिवस लागले, तो आकाशांत जातांना पाहून रथकारास काय वाटलें, यांपैकीं एकाहि गोष्टीची कथाकारास जिज्ञासा नाहीं.

धारच्या भोजराजाची दृष्टि निराळी. समरांगणसूत्रधाराच्या ३१ व्या, यंत्रविधानाच्या अध्यायांत हलक्या लाकडाचा मोठा पक्षी, त्याच्या उदरांत पाऱ्याचें यंत्र व खालीं अग्नि अशी रचना सांगितली आहे. वर बसणारा पुरुष त्यानंतर येतो. म्हणजे येथें आधीं कर्ता, मग आरूढ. मात्र यंत्रांची घटना सविस्तर दिली नाहीं ती अज्ञानामुळें नव्हे, गुप्ततेसाठीं, असें ग्रंथकारानें त्याच अध्यायांत म्हटलें आहे. ही सबब संशोधकास फार महाग पडते. ज्या वर्णनांत मापें नाहींत, सांधे नाहींत, फसलेला प्रयत्न नाहीं, तें वर्णन सुंदर असूं शकेल. परंतु त्यावरून विमान झालें होतें असें अनुमान काढणें म्हणजे धूर न पाहतां पर्वतावर अग्नि मानणें होय.

याउलट राइट बंधूंचें दप्तर पाहावें. ता. ३० मे १८९९ रोजीं विल्बर राइट यानें वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेस पत्र लिहून उड्डाणविषयक वाङ्मयाची मागणी केली. तेथपासून ता. १७ डिसेंबर १९०३ पर्यंत साडेचार वर्षें होतात. १९००, १९०१ आणि १९०२ या तीन सालीं किटी हॉकच्या वाळूंत तीन निरनिराळे ग्लायडर तपासले गेले. दुसऱ्याची उचल अपेक्षेहून पुष्कळ कमी भरली, तेव्हां या दोघां सायकलवाल्यांनीं पूर्वसूरींचीं कोष्टकें बाजूस ठेविलीं, डेटन येथील आपल्या दुकानांत एक लाकडी वातबोगदा उभारला, आणि करवतीचीं पातीं व सायकलच्या आऱ्यांची तार यांचा तराजू करून सुमारें २०० लहान पंखांचे आकार त्यांत तपासले. पूर्वाचार्यांचें कोष्टक चुकीचें असूं शकेल ही शंका घेणें, आणि ती घेतल्यावर स्वतःचा तराजू करणें, याहून शुद्ध संशोधन आम्हांस माहीत नाहीं. पंख्याचें गणित त्यांनीं स्वतः मांडलें. सुमारें १२ अश्वशक्तीचें एंजिन त्यांचा कारागीर चार्ल्स टेलर यानें सहा आठवड्यांत तयार केलें.

आणि या सर्वांचें उड्डाणरूप फळ किती? त्या दिवशीं चार उड्डाणें झालीं: १२, १२, १५ आणि ५९ सेकंदांचीं. बेरीज ९८ सेकंद. पुरतीं दोन मिनिटेंहि नव्हेत. पहिलें उड्डाण १२० फूट, चौथें ८५२ फूट. चौथ्यानंतर विमान जमिनीवर उभें असतां वाऱ्याच्या झोतानें उलथून मोडलें, तें पुनः कधींहि उडालें नाहीं. टेलर त्या दिवशीं डेटनलाच दुकान सांभाळीत होता. रथकाराचें प्राक्तन त्यासहि चुकलें नाहीं. पुढें १९०५ च्या ऑक्टोबरपासून १९०८ च्या मेपर्यंत दोघां बंधूंपैकीं कोणींहि उड्डाण केलें नाहीं. पेटंट, विक्रीच्या वाटाघाटी व गुपित फुटण्याची भीति हीं त्याचीं कारणें प्रसिद्ध आहेत. तेव्हां त्यांस उड्डाणाची ओढच नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. पण केवळ उडण्याचाच ज्यास नाद आहे असा मनुष्य अडीच वर्षें जमिनीवर बसून राहील हें आम्हांस पटत नाहीं.

संग्राहकांसाठीं एक गोष्ट मुद्दाम नमूद करितों. १९१३ च्या मार्चमध्यें डेटन शहर महापुरांत बुडालें. राइटांच्या छायाचित्रांच्या कांचा व पेट्यांत बांधून ठेविलेलें १९०३ चें विमान, दोन्ही पाण्याखालीं गेलीं. पहिल्या उड्डाणाच्या कांचेचा एक कोपरा गेला, चित्र वांचलें. ज्यांनीं वाळवी व गळतें छप्पर यांच्या तोंडून पोथ्या सोडविल्या आहेत, त्यांस त्या कोपऱ्याचें मोल सांगावयास नको.

पोथ्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. जुन्या पोथीच्या शेवटीं लेखक आपली वांकलेली पाठ, ताठलेली मान व शिणलेली दृष्टि यांची तक्रार करितो आणि ग्रंथ जपून ठेवा म्हणून विनवितो, हें वाचकांच्या नित्य पाहण्यांतील आहे. शेंकडों पुष्पिका आमच्या नजरेखालून गेल्या. परंतु वाचणाऱ्यानें आपणांस काय आनंद झाला तो शेवटीं लिहून ठेविल्याचें एकहि उदाहरण आम्हांस आढळलें नाहीं. नकल करणाऱ्याच्या तक्रारींत एक लपलेला अभिमान असतो. आम्ही स्वतः एक खंडित पोथी सात महिने उतरून घेतली आहे. ती आम्ही पुढें फारशी वाचली नाहीं, हेंहि खरें.

येथपर्यंत पारडें कर्त्याकडे झुकलें. परंतु दुसरी बाजू सांगितल्याविना निर्णय देणें न्यायाचें होणार नाहीं. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यानें १९३३ मध्यें एक चिमुकलें विमान बांधून उडविलें आणि १९३४ मध्यें त्याच्या बांधणीवर ग्रंथ लिहिला. सुतारकामाचें बेताचें ज्ञान असलेल्या कोणासहि विमान बांधतां येईल, हा त्याचा मुख्य प्रतिपाद्य विषय. १९३५ च्या ऑगस्टमध्यें तो स्वतः त्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून गेला, आणि फ्रान्स व इंग्लंड या दोन्ही देशांत घरोघर, गाडीखान्यांत, माळ्यावर तीं विमानें तयार होऊं लागलीं. लवकरच प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. १९३६ मध्यें दोन्ही देशांतील मोठ्या वातबोगद्यांत पूर्ण आकाराचें विमान तपासलें, तेव्हां असें निघालें कीं, पुढील व मागील पंख एकमेकांच्या इतके जवळ होते कीं, विमान एका मर्यादेपलीकडे नाक खालीं करून सुटलें म्हणजे दांडा ओढूनहि तें वर येईना. बांधणाऱ्यांच्या हातांत दोष नव्हता. त्यांनीं खिळा खिळा पुस्तकाबरहुकूम मारला होता, आणि आपल्या कृतीचें समाधान त्यांस पूर्ण लाभलें होतें. तें समाधानच त्यांस घातक झालें. राइटांनीं तराजू केला, यांनीं पुस्तकावर भरंवसा ठेविला. बांधणें बांधणें यांतहि हा भेद आहे.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. इ. स. १८९५ मध्यें मुंबईस चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनीं ‘मरुत्सखा’ नांवाचें विमान मनुष्यावांचून १५०० फूट उंच उडविलें, सयाजीराव महाराज व न्यायमूर्ति रानडे तेथें उपस्थित होते, ही कथा आम्ही वर्गांत तीसहून अधिक वर्षें सांगत आलों. मुलांचे डोळे चमकत. आमचेहि चमकत असावेत. सेवानिवृत्तीनंतर आधार शोधूं लागलों तों हाताशीं कांहींच राहिलें नाहीं. ‘केसरी’नें वृत्त दिलें असें सर्व सांगतात, अंक कोणी दाखवीत नाहीं, समकालीन लेखी पुरावा पुढें आलेला नाहीं. कथेच्या पाठीशीं जें वैमानिकशास्त्र उभें करितात, तें सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत सांगून लिहविलें, म्हणजे चौपाटीच्या कथित प्रसंगानंतर दोन तपांनीं. त्याची संस्कृत भाषा अर्वाचीन आहे, हें आमच्यासारख्या साध्या शास्त्र्यासहि दोन पानांत कळतें. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ मध्यें त्यांतील विमानें उडणें शक्य नाहीं असें दाखवून दिलें आहे. भोजाचा पारदपक्षी तळपद्यांस छापील रूपानें उपलब्ध नव्हता. गणपतिशास्त्री यांची बडोद्याची आवृत्ति १९२४-२५ ची.

मग तळपदे यांचें कांहींच उरत नाहीं काय? आमच्या मतें पुष्कळ उरतें. त्या पिढींत मुंबईचा एक मराठी गृहस्थ, अंगीं कलेचें शिक्षण असलेला, प्राचीन ग्रंथ उलगडून विमान बांधण्याच्या ध्यासास लागला, ही गोष्ट उड्डाणावांचूनहि लिहिण्याजोगी आहे. आम्ही सर्वांनीं त्यांस विमानारूढाचें यश देण्याच्या भरांत त्यांच्यांतील कर्त्याकडे पाहिलेंच नाहीं. १५०० फूट सर्वांस तोंडपाठ. पंखाची लांबी कोणी विचारीत नाहीं.

विद्यार्थ्याच्या प्रश्नास प्रत्यक्ष उत्तर देण्यास अलीकडील एक उदाहरण पुरेसें आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायानें वैमानिक. उड्डाण हा ज्यांचा नित्याचा उद्योग, त्यांनीं कांदिवलीस चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत मांडलें गेलें, २०१७ च्या नोव्हेंबरांत त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळण्यास २०१९ साल उजाडलें. ज्यास आकाश रोजचेंच आहे त्यानें इतकीं वर्षें गच्चीवर घालवावीं, यावरून बांधण्याचें समाधान उड्डाणाच्या समाधानांत सामावत नाहीं एवढें तरी सिद्ध होतें. अमेरिकेच्या नियमांतहि हौशी बांधणाऱ्यांचा निराळा वर्ग आहे, आणि विमानाचा मुख्य भाग स्वतःच्या शिक्षणासाठीं अथवा मनोरंजनासाठीं बांधलेला असावा हीच त्याची अट आहे. म्हणून आम्ही त्यास कळविलें कीं, बांधण्यांत अधिक. मात्र मिन्येच्या वाचकांप्रमाणें नव्हे, राइटांप्रमाणें बांधल्यास.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. गिरगांव, चिराबाजार व ठाकुरद्वार भागांतील जुन्या घरांत १८९० ते १९१० या काळांतील सुताराचीं बिलें, बांबू, रेशीम किंवा पारा यांच्या खरेदीच्या वह्या, नळ्या व पंख यांचीं हातानें काढलेलीं टिपणें कोणाच्या पाहण्यांत असल्यास, त्यांनीं त्यांची नकल किंवा छायाचित्र या त्रैमासिकाच्या संपादकांकडे पाठवावें. उड्डाणाच्या आठवणी नकोत. त्या आमच्यापाशीं भरपूर आहेत. ज्यावर मापें लिहिलीं आहेत असा एक कपटा मिळाला तरी आम्ही पुढील अंकीं तो समग्र छापूं.